जाळपट्ट्यातली टिटवी

नगर शहर संपतं तिथे आमची कॉलनी आहे आणि कॉलनी संपते तिथे टेकडी. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा टेकडीवर एकूण सात झाडं होती. पाच बाभळी, एक लिंब आणि एक अर्धा वाळलेला हिवर. बाकी सगळं कुसळी गवत आणि मुरूम. झाडं मोजायचं काही कारण नव्हतं, पण मी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. जिथे जाईन तिथे आधी नग मोजतो. ही सवय आता सुटणार नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये त्याच टेकडीवर आम्ही लावलेली तीनशेच्या वर झाडं जगलेली होती, आणि ती सगळी एका दुपारीत जातात की काय अशी वेळ आली होती. त्याबद्दल लिहायचं आहे.

झाडांचं सुरू झालं ते फिरण्यातून. आमच्या कॉलनीत सकाळी फिरायला जाणारे पुष्कळ. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून जाणारे जास्त. त्यांत लष्कराच्या कॅम्पातून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. ते एक दिवस गोडेतेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन पाण्याने भरून हातात घेऊन निघाले. विचारलं तर म्हणाले, चालायचंच आहे तर रिकाम्या हाताने कशाला. त्या पावसाळ्यात त्यांनी टेकडीवर चार-पाच करंज लावले होते आणि हिवाळ्यात ते माना टाकायला लागले होते. दुसऱ्या दिवशी मीही कॅन घेतला. मग माझी पत्नी आली. मग समोरच्या घरात राहणाऱ्या सिस्टर आल्या. त्या एका मिशन हॉस्पिटलातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. कॅन दोन लिटरचाच घ्यायच्या, पण रविवारीसुद्धा चर्चला जाण्याआधी टेकडी चढून यायच्या. नंतर कॉलनीतले आणखीही लोक येऊ लागले, पण रोजचे म्हणजे आम्ही चौघं.

पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं, त्यामुळे प्यायचं पाणी झाडाला घालायची कुणाची छाती नव्हती. तांदूळ-भाजी धुतलेलं आणि आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी बादलीत साठवायचं आणि सकाळी कॅनमध्ये भरायचं. कॉलनीला याची इतकी सवय झाली की पाहुणे आले तरी त्यांना मोरीत पाणी ओतू देत नसत. ओला कचरा खड्ड्यात, बाजाराला कापडी पिशवी, जवळच्या कामाला सायकल, हे सगळं त्याच्या मागोमाग आलं. कुणी ठराव केला नव्हता. सकाळी वरच्या सपाट दगडावर बसून थर्मासमधला चहा पिताना जी बोलणी व्हायची त्यातून ते होत गेलं. तिथून कॅम्पातली दाट झाडी दिसते, एमआयडीसी दिसते, आणि खाली शेतं. आमची करमणूक म्हणाल तर तीच. सिनेमाला जाणं केव्हाच सुटलं.

माझ्या पत्नीचा विस्तवाशी उभा दावा. कॉलनीत पूर्वी रोज सकाळी झाडलेला पाला पेटवायचे. धुराने तिला खोकला व्हायचा आणि पाला जळताना पाहून राग यायचा. एकदा ती बादली घेऊन गेली आणि पेटत्या ढिगावर ओतून आली. शेजारी भांडायला आले तर त्यांना खड्डा दाखवला आणि म्हणाली, उद्यापासून यात टाका, मी खत करून तुम्हालाच देते. दिलंही. दोन वर्षांत कॉलनीत पाला पेटवणं बंद झालं. तेव्हापासून सुभेदार तिला 'फायर ब्रिगेड' म्हणतात. आमच्या घरात काडेपेटी देवापुढेच काय ती.

टेकडीवर झाडं वाढली तसं गवतही वाढलं, कारण गुरं आम्ही वर येऊ देत नव्हतो. पावसाळ्यात कमरेएवढं हिरवं, आणि माघ-फाल्गुनात तेच पिवळं, कोरडं, कागदासारखं. खालून कुणाची विडी पडली तरी पेटेल असं. यावरचा उपाय सुभेदारांना माहीत होता. टेकडीच्या मध्यातून आडवी एक गाडीवाट जाते. वाटेच्या वर आमची झाडं, खाली नुसतं गवत आणि त्याखाली शेतं. वाटेच्या खालच्या अंगाचं दहा-बारा फूट रुंदीचं गवत आपणच आधी, वारा नसताना, माणसं उभी करून जाळून टाकायचं. याला जाळपट्टा म्हणतात. मग खालून वणवा आला तर त्याला पट्ट्यावर खायला काही मिळत नाही आणि तो तिथेच विझतो. त्याआधीची दोन वर्षं सुभेदारांनी जानेवारीत पट्टा जाळला होता. पत्नी त्या दिवशी घरी थांबायची. नको म्हणायची नाही, पण बघायला यायची नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत सुभेदारांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांच्याशिवाय आग लावायची आमची कुणाची तयारी नव्हती. ते काठी घेऊन टेकडीवर आले तेव्हा मार्च लागला होता. त्यांनी गवत मुठीत धरून चुरगाळलं, त्याचा भुगा झाला, आणि म्हणाले की उद्या सकाळीच पट्टा जाळू, वारा पडलेला असेल.

त्याच सकाळी पत्नीला टिटवीचं घरटं दिसलं.

घरटं म्हणजे काही नव्हे. वाटेच्या खाली, नेमक्या पट्ट्याच्या जागेत, मधोमध मुरमाचा एक उघडा तुकडा होता, खाटेएवढा. तिथे मुरमातच ठेवलेली चार अंडी. रंग मुरमाचाच, वर काळपट ठिपके, आणि चारही अंड्यांची टोकं आत. मी दोन हातांवर उभा होतो आणि मला ती दिसत नव्हती. टिटवी मात्र डोक्यावर घिरट्या घालून ओरडून ओरडून आम्हाला हाकलत होती. सिस्टरांना लहानपणी टिटवी ओरडली की अपशकुन म्हणून सांगितलेलं. त्या हसून म्हणाल्या की अपशकुन तिलाच झालाय, आपण आलोय तिच्याकडे.

पत्नीने सुभेदारांना सांगितलं की पिल्लं बाहेर पडेपर्यंत पट्टा जाळायचा नाही.

"वहिनी, पिल्लं निघायला महिना जाईल," सुभेदार म्हणाले. "हे गवत महिनाभर थांबतंय का?"

"तुम्ही इतकी वर्षं सीमेवर थांबलात. इथे महिनाभर थांबा," ती म्हणाली.

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. माझं मत जाळण्याचं होतं आणि ते मी बोललो. एका बाजूला चार अंडी, एका बाजूला तीनशेच्या वर झाडं, त्यातली कित्येक आता डोक्याच्या वर गेलेली. चार वर्षांचं पाणी. शिवाय त्या झाडांवर उद्या किती पाखरं घरटी करतील तेही धरलं पाहिजे. मला तो साधा हिशोब वाटत होता. पत्नी ऐकून घेऊन म्हणाली की हिशोब बरोबर आहे, फक्त त्यातलं एक टोक मला दिसत नाहीये. "झाडं आपली आहेत म्हणून ती तुम्हाला मोजता येतात. ती अंडी कुणाचीच नाहीत, म्हणून जाळायला सोपी." माझं मत तरीही बदललं नाही.

सिस्टरांनी मधला मार्ग काढला. आग लावायची नाही, विळ्याने कापायचं. पटण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पट्ट्याच्या दोन्ही टोकांकडून गवत कापत आत येऊ लागलो. कुसळी गवत कापणं म्हणजे काय ते ज्याने कापलं त्यालाच ठाऊक. कुसळं कपड्यांतून आत शिरतात आणि दिवसभर टोचत राहतात. कापलेलं तिथे टाकूनही चालत नाही, भारे करून उचलावं लागतं. सकाळचा दीड तास हाताशी, त्यात चार माणसं, त्यातल्या एकाचा गुडघा नवा. तरीही पंधरवड्यात दोन्ही बाजूंचं बरंच निघालं. मधला भाग राहिला. घरट्याच्या जवळ गेलं की टिटवी उठायची आणि उठली की बराच वेळ बसायची नाही. आठ वाजता उन्हात मुरूम तापायला लागतो. अंडी उघडी राहिली तर भाजतील म्हणून पत्नीने घरट्याच्या दोन्ही अंगांना एक-एक दगड ठेवला आणि त्याच्या आत कुणी जायचं नाही असं ठरवलं. दगडापासून दगडापर्यंत मी पावलं टाकून पाहिली. चाळीस भरली. म्हणजे आमच्या पट्ट्याला बरोबर मधोमध चाळीस पावलांचं दार उघडं राहिलं होतं.

त्या दिवसांत माझं कामात लक्ष नव्हतं. कारखान्याच्या गच्चीवरून टेकडीचा माथा दिसतो. जेवणाच्या सुट्टीत मी वर जाऊन बघायचो. कुठेही धूर दिसला की तो कुठला ते कळेपर्यंत खाली उतरायचो नाही. बहुतेक वेळा तो कुठल्या वीटभट्टीचा निघायचा. होळीच्या दिवशी तर आम्ही पाळी लावून वाटेवर बसलो. कॉलनीची होळी शेणी आणि वाळक्या फांद्यांची, लहानशी, पण खालच्या वस्त्यांवर मोठ्या पेटल्या होत्या आणि त्यांच्या ठिणग्या वर उडताना दिसत होत्या. काही झालं नाही.

घरात आम्ही दोघं कमी बोलू लागलो. भांडण नव्हतं. ती पोळ्या करत असायची, मी पेपर वाचत असायचो आणि खिडकीबाहेर वारा वाढला की दोघंही मान वर करायचो. एकदा मी म्हणालो, "काही झालं तर?" ती म्हणाली, "काही झालं तर माझ्यामुळे झालं म्हणा. मी ऐकून घेईन." मला तिच्याकडून ते नको होतं. मला झाडं हवी होती. मी पेपर उचलला.

होळीनंतरचा रविवार होता म्हणून मी घरी होतो. दुपारची जेवणं झाली होती आणि मी जरा आडवा झालो होतो. सिस्टरांनी फाटक जोरात वाजवलं. त्या कधी असं वाजवत नाहीत. बाहेर आलो तर त्यांनी नुसतं टेकडीकडे बोट केलं. टेकडीच्या पायथ्यापासून धूर निघत होता, पांढरा नव्हे, पिवळट आणि दाट, आणि तो सरळ वर न जाता टेकडीला चिकटून चढत होता.

पत्नी माझ्या आधी पायात चपला घालून निघाली. मी बंबाला फोन केला. सुभेदारांना बोलवावं लागलं नाही, ते काठी टेकत रस्त्यातच भेटले. बंब येईल, पण पायथ्याशी थांबेल, वर त्याला रस्ता नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कॉलनीतले आणखी सात-आठ जण मागे धावत होते. जाता जाता प्रत्येकाने लिंबाची नाहीतर करंजाची एक-एक डहाळी तोडली. विस्तवावर मारायला ओला पाला लागतो.

वाटेवर पोचलो तेव्हा खालून एक शेतकरी चढून आला. पन्नाशीचा, अंगात बनियन, पायांत काही नाही, भुवया भाजलेल्या. पायथ्याशी त्याचं शेत. आम्ही येता-जाता त्याला बघत असू. तो धापा टाकत सांगू लागला.

"म्या बांध पेटवला हुता. गवात लई माजलं हुतं. वारं फिरलं, दादा. म्या तीन घागरी वतल्या, न्हाई आवरलं."

त्याला बोल लावायला वेळ नव्हता. जाळ अजून अर्ध्या चढावर होता, पण येत होता तो सरळ आमच्याकडे आणि वारा त्याच्या पाठीशी. उंच नव्हता, कमरेएवढा असेल, पण त्याचा आवाज होता. सुकी पानं कुणी पोत्यात भरून चुरगाळत असल्यासारखा. आम्ही पट्ट्याच्या कापलेल्या भागात उभे राहून पाहिलं. डावीकडे निभावलं असतं. उजवीकडेही. मधल्या चाळीस पावलांत उभं गवत होतं आणि तिथून ते थेट वाटेवर आणि वाटेवरून झाडांत गेलं असतं. गाडीवाट चार हातांची. एवढ्या वाऱ्यात ठिणगी ती सहज ओलांडते.

सुभेदार म्हणाले की आता एकच होऊ शकतं. वाटेच्या कडेने हे मधलं गवत आपणच पेटवायचं. आपली आग खाली सरकेल, वणव्याला सामोरी जाईल, दोघांची गाठ पडली की खायला काही उरणार नाही. मात्र आत्ता लावली तर. वणवा पट्ट्यात पोचल्यावर उपयोग नाही.

एवढं बोलून ते थांबले आणि त्यांनी माझ्या पत्नीकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. आम्ही पंधरवडा वादात काढला होता, पण त्या क्षणी तिच्या तोंडावर 'लावा' म्हणायची कुणाची तयारी नव्हती. माझीसुद्धा नव्हती. टिटवी वर घिरट्या घालत होती. एक ओरडत होती, दुसरी दिसत नव्हती, म्हणजे ती अजून अंड्यांवर होती.

सिस्टर म्हणाल्या, "ताई, मी पदरात घेते ना अंडी. काढून आणते."

"आणून ठेवाल कुठे?" पत्नी म्हणाली. "जिथे ठेवाल तिथे ती बसायची नाही."

मग तिने शेतकऱ्यासमोर हात केला.

"काडेपेटी द्या."

त्याला वाटलं, ती पुरावा म्हणून मागते आहे. त्याचा चेहरा पडला. दोन पावलं मागे सरून तो म्हणाला, "ताई, म्या मुद्दाम न्हाई केलं. पोराबाळांची शप्पत."

"मला माहीत आहे. पेटवायला पाहिजे. द्या."

त्याने लेंग्याच्या खिशातून काढून दिली. तिने ती मुठीत धरली, पण लगेच पेटवली नाही. ती दगड ओलांडून आत गेली, घरट्याच्या मुरमाकडे. आम्ही ओरडलो. टिटवी उठली आणि तिच्या डोक्याला पंख घासून गेली. पत्नी मुरमाच्या कडेला गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी कडेचं गवत उपटून लांब फेकू लागली. खाटेएवढी जागा होती ती थोडी मोठी करायचा तिचा विचार होता. तिच्या हातांना कुसळं लागत होती आणि धूर आता तिच्या पाठीमागे भिंतीसारखा दिसत होता. सुभेदारांनी तिला परत फिरायचा हुकूम सोडला. कवायतीचा आवाज होता, पण ती उठली नाही.

वाटेच्या वरच्या अंगाला, पहिल्याच रांगेत, एका वडाच्या बुंध्याशी माझा सकाळचा कॅन होता. सकाळी पाणी घालायचं राहिलं होतं म्हणून तो भरलेला तिथेच ठेवला होता. तो मी उचलला आणि आत गेलो. ती उपटत होती तिच्या मागोमाग मी मुरमाच्या कडेने पाणी ओतत गेलो. पाच लिटर पाणी एवढ्या घेराला काहीच नसतं. निम्म्या घेरातच कॅन संपला. अंडी तेव्हा मी अगदी जवळून पाहिली. चार होती.

"आता चला," मी म्हणालो, आणि तिच्या दंडाला धरून तिला उठवलं.

वाटेवर आल्यावर तिने काडी ओढली. पहिली विझली. दुसरी तिने ओंजळीत धरून गवताला लावली आणि गवत लगेच पेटलं. तिने पेटलेली जुडी हातात घेतली आणि वाटेच्या कडेने एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत ती लावत गेली. आम्ही तिच्या मागे डहाळ्या घेऊन उभे होतो. आग वर वाटेकडे झेपावली की बडवायची. केस भाजल्याचा वास येत होता. शेतकरी माझ्या शेजारी होता आणि अनवाणी पायांनीच ठिणग्या तुडवत होता.

आमची आग वाऱ्याच्या उलट, हळू, खाली सरकली. एवढी हळू की वाटलं, ही काही पोचत नाही. मग वणवा जवळ आला तशी ती एकदम खेचली गेली, दोन्ही जाळ मिळून एकदा उंच झाले, इतके की आम्ही तोंडं फिरवली. आणि खाली बसले. असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. पाहा, आता आहे आणि आता नाही.

डाव्या टोकाला मात्र ठिणगी वाट ओलांडून गेली होती. तिथे धावलो तोवर करंज आणि सीताफळांच्या दोन-तीन ओळी पेटल्या. त्या विझवायला अर्धा तास गेला. कॉलनीतली पोरं खालून पाण्याचे कॅन घेऊन आली म्हणून ते जमलं. नंतर मी मोजली. एकेचाळीस झाडं गेली होती. बाकीची उभी होती.

मधल्या भागाकडे पत्नीने मान वळवून पाहिलं नाही. तिथून नुसता धूर निघत होता आणि टिटवीचा आवाज थांबला होता. ती उतरून घरी आली, हातांतली कुसळं चिमट्याने काढून घेतली, ती मीच काढली, आणि रात्री जेवली नाही. बरं केलंस, असं म्हणावंसं वाटत होतं, पण ते तिला कसं लागेल याचा अंदाज येईना.

सकाळी ती येणार नाही असं मला वाटलं होतं. ती कॅन भरून माझ्या आधी दारात उभी होती. चौघं चढलो. वाटेच्या खालचा सगळा उतार काळा झाला होता आणि पायाखाली राख चुरचुरत होती. पहिल्या दगडाशी येतो न येतो तोच टिटवी ओरडली. आमच्याच दिशेने ओरडत आली, डोक्यावरून गेली, परत फिरली.

पत्नी जागच्या जागी थांबली.

काळ्या जमिनीत मुरमाचा तुकडा लांबूनही स्पष्ट दिसत होता. त्याच्या एका कडेला, मी पाणी ओतलं होतं त्या बाजूला, वीतभर गवत पिवळंच राहिलं होतं. मी निघालो. मला बघायचं होतं. चार आहेत, तीन आहेत, की त्यातली नुसती टरफलं आहेत, हे कळल्याशिवाय मला चैन पडलं नसतं. तिने माझ्या शर्टाची बाही धरली.

"नको. आपण गेलो की ती उठेल. काल वाचलं असेल तर आज आपण मारायचं नाही."

"पण किती आहेत ते तरी—"

"बसू दे तिला."

आम्ही तिघं वाटेवर खाली बसलो, राखेत. सुभेदारांना गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही, ते काठीवर रेलून उभे राहिले. टिटवी काळ्या जमिनीवर उतरली. चार पावलं धावायची, थांबायची, आमच्याकडे बघायची. पुन्हा चार पावलं. मुरमाच्या कडेला येऊन बराच वेळ उभी राहिली. मग आत गेली, अंग फुलवलं, दोन्ही पाय दुमडले आणि हळूच खाली टेकली. सिस्टर हलक्या आवाजात म्हणाल्या की रिकाम्या जागेवर कुणी असं बसत नाही. पत्नीने पदराने तोंड पुसलं आणि उठून कॅन घेऊन वर झाडांकडे गेली.

पिल्लं किती निघाली ते मला अजून माहीत नाही. आम्ही पुढचे कित्येक दिवस दगडांच्या आत पाऊल टाकलं नाही. पुढे एके सकाळी टिटवी तिथे नव्हती आणि मुरूम रिकामा होता. सुभेदार म्हणतात की त्यांनी खाली, शेताच्या बाजूला, टिटवीच्या मागे पळणारं काहीतरी पाहिलं. काहीतरी म्हणजे किती, असं मी विचारलं. त्यांनी मला स्टोअरकीपर म्हणून शिवी दिल्यासारखं केलं आणि चहा ओतला.

जळलेल्या एकेचाळीसांपैकी करंज पावसाळ्यात बुडातून पुन्हा फुटले. ते मी मोजले आहेत. एकोणीस.

यंदा पट्टा संक्रांतीच्या आधी झाला. तारीख पत्नीनेच काढली आणि चार-चौघांना सांगितली. खालचा शेतकरी सकाळीच डहाळी घेऊन आला होता, शिवाय मुलालाही आणलं होतं. पेटवण्याआधी आम्ही सगळे हातभर अंतराने एका ओळीत उभे राहिलो आणि पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत, गवत बाजूला सारत, जमिनीकडे बघत चालत गेलो. मग उलट फिरून परत आलो. हे तिने सुरू केलं आहे आणि आता दर वर्षी असंच करायचं ठरलं आहे. काही नव्हतं. वारा पडलेला होता.

"फायर ब्रिगेडची परवानगी आहे का?" सुभेदारांनी विचारलं.

तिने त्यांच्या हातातून काडेपेटी घेतली आणि वाटेच्या कडेला बसली.